‘सी’ ठोकून यायचं!

अमेरिकेत मूल खासगी शाळेची प्रवेशपरीक्षा देणार आहे, हे मराठी मंडळाच्या जेवणाच्या रांगेत बोलू नये. परवा विषय निघाला आणि पुढचे गृहस्थ मसालेभाताचा डाव हातात धरूनच वळले. “एसएसएटी? सोप्पी हो! एकही प्रश्न सोडायचा नाही. येत नसेल तिथे ‘सी’ ठोकून यायचं. आमच्या मुलीने तेच केलं.”

त्यांच्या मुलीने दिली होती आयएसईई, म्हणजे दुसरीच प्रवेशपरीक्षा. तिथे पर्याय 4 आणि चुकीला दंड नाही, त्यामुळे जागा रिकामी सोडणं हा शुद्ध वेडेपणा. एसएसएटीच्या मिडल आणि अप्पर पातळीला पर्याय 5, बरोबरला 1 गुण आणि चुकलं की पाव गुण वजा. हे मी सांगितलं. रांग थांबलेली.

“म्हणजे पाचांत एक बरोबर, चार चूक. एक मिळाला, एक गेला. हिशोब शून्य! मग ठोकायला काय जातं?”

हिशोब बरोबर होता. राग त्याचाच. पण शून्य मिळवायला मेहनत कशाला? एक पर्याय खात्रीने खोडता आला, तर उरलेल्या चारांतून अंदाज करण्यात सरासरी 1/16 गुणाचा फायदा. दोन खोडले तर 1/6. खोडता येत असेल तर ठोका, नाहीतर पुढे चला. आणि कागदी परीक्षेत प्रश्न सोडलात तर उत्तरपत्रिकेतली ती ओळही सोडा. बाराव्याचं उत्तर अकराव्यापुढे काळं केलं, तर पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात आणि येणारे प्रश्नही चुकतात.

“मार्क कसे देतात?” डाव अजून हातातच. अप्पर पातळीला गणित, शब्दज्ञान, वाचन. प्रत्येकी 500 ते 800, एकूण 1500 ते 2400.

“म्हणजे पंधराशे पडले तर साडेबासष्ट टक्के. फर्स्ट क्लास!”

पंधराशे हा तळ आहे हो. त्याच्या खाली आकडाच नाही. ते म्हणाले, “तरी फर्स्ट क्लास तो फर्स्ट क्लास,” आणि मागच्या काकूंनी मान डोलावली.

त्यांना टक्के कळतात, पर्सेंटाइल (म्हणजे शंभरातल्या किती मुलांच्या पुढे) नाही, आणि त्यांचं काय चुकलं? शाळेत नव्वदच्या खाली न आलेलं पोर इथे साठ पर्सेंटाइल घेऊन येतं आणि घरात सुतक पडतं. तुलना असते फक्त ही परीक्षा देणाऱ्या, त्याच इयत्तेतल्या मुलांशी, म्हणजे बहुतेक सगळे तयारीचे गडी. शिवाय अप्परला आठवी ते अकरावीचा पेपर एकच. आठवीतल्याने न शिकवलेलं गणित बघून रडू नये. हे कुणी आधी सांगत नाही. शिकवणीवाले तर मुळीच नाही, घाबरलेले आईबाप हेच त्यांचं भांडवल.

शब्दज्ञानाला 30 मिनिटांत 60 प्रश्न, निम्मे समानार्थी, निम्मे शब्दांच्या जोड्यांचे. जोडीचं वाक्य करायचं, तेही नेमकं. ‘सुतार : करवत’ला ‘सुतार करवत वापरतो’ एवढंच म्हटलं, तर ‘शिंपी : सुई’ही बसते आणि ‘शिंपी : कात्री’ही. ‘सुतार करवतीने कापतो’ म्हटलं की सुई गळते. शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा हे रोज दहा जोड्यांवर करावं. गणिताला कॅल्क्युलेटर नाही, म्हणून अपूर्णांक हातात बसलेले हवेत. चुकांची वही ठेवावी आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावं: आलं नाही, नीट वाचलं नाही, की वेळ संपला. तिन्हींचं औषध वेगळं. ‘नीट वाचलं नाही’वाल्याला आणखी पुस्तकं आणून देणारे पालक पुष्कळ.

“आणि निबंध?” गृहस्थ आता कोशिंबिरीपाशी.

25 मिनिटं. गुण नाहीत.

“मार्कच नाहीत? मग सोडून द्यायचा की!”

तो निबंध गुणांसोबत शाळेला जातो, प्रवेशाचे लोक तो वाचू शकतात, आणि बाकी अर्जावर आईबापांचा हात फिरलेला असताना मुलाने एकट्याने लिहिलेलं तेवढंच त्यांच्यापुढे असतं, हे मी सांगेपर्यंत त्यांनी शेवटची पुरी उचलली होती.