‘ब्लूटूथ ५ म्हणजे २०० मीटर’ हा सल्ला पुढे पाठवण्याआधी

स्मार्टवॉचबद्दल एक सल्ला व्हॉट्सअॅपवर सतत फिरत असतो. घड्याळात ब्लूटूथ ५ असेल तर २०० मीटर रेंज मिळायलाच हवी. घरातल्या घरात संपर्क तुटत असेल तर वाय-फाय बंद करा, घड्याळ फॅक्टरी रीसेट करा, आणि तरीही तुटला तर पीस सदोष समजून बदलून घ्या. असं करून लोक चांगली घड्याळं परत पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

आधी ते २०० मीटर. २०१६ साली ब्लूटूथ ५ जाहीर झालं तेव्हा ‘चौपट रेंज’ असं सांगितलं गेलं. ही चौपट रेंज ‘कोडेड फाय’ नावाच्या पद्धतीतून येते. त्यात वेग सेकंदाला १२५ किलोबिटपर्यंत उतरतो, आणि ती पद्धत फोन आणि घड्याळ दोघांतही असावी लागते. मुख्य म्हणजे ती ऐच्छिक आहे. खोक्यावर ५.३ छापलंय म्हणून आत ती असेलच असं नाही. ‘ब्लूटूथ कॉलिंग’च्या घड्याळांत आवाज सहसा जुन्या, क्लासिक ब्लूटूथवरून जातो, त्याला या सोयीचा काडीचाही उपयोग नाही.

आणि समजा, सोय आहे. चौपट अंतर म्हणजे गणिताने सिग्नलच्या ताकदीत १२ डेसिबलची सूट. तेवढी सूट काँक्रीटची एक जाड भिंत गिळून टाकते. मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरांत मायवान पद्धतीने बांधकाम होतं, म्हणजे खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटच्या. जुन्या सोसायटीतल्या चार इंची विटेच्या भिंतीतून जो सिग्नल सहज जायचा, तो इथे अडतो. त्यात भिंतीला लागून लोखंडी कपाट, फ्रीज किंवा मोठा आरसा असेल तर विचारूच नका. धातू लहरी परतवून लावतो. शरीरही आड येतं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि आपण बहुतांशी पाणीच आहोत. घड्याळ डाव्या मनगटावर आणि फोन उजव्या मागच्या खिशात असेल, तर मध्ये अख्खा माणूस उभा असतो. घरात किती मीटर अंतर आहे यापेक्षा मध्ये काय काय आहे हे मोजा.

वाय-फाय बंद करण्याचा सल्ला अर्धवट माहितीवर उभा आहे. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात हे खरं. पण गर्दी असलेले चॅनल टाळून उड्या मारत राहण्याची सोय ब्लूटूथमध्ये २००३ पासून आहे. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचे ओळख पटवण्याचे तीन मुख्य चॅनल तर वाय-फायच्या १, ६ आणि ११ या नेहमीच्या चॅनलांना चुकवूनच ठेवलेत. त्रास होतो तो फोन राउटरला चिकटून ठेवल्यावर, किंवा मायक्रोवेव्ह चालू असताना. उपाय सोपा आहे: फोन दोन हात लांब ठेवा, आणि राउटरवर सोय असेल तर फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडा. उलट अॅपल वॉचसारखी काही घड्याळं ब्लूटूथ तुटल्यावर घरच्या वाय-फायवरूनच फोनशी बोलतात. वाय-फाय बंद केलं की तो आधारही जातो.

फॅक्टरी रीसेटने अँटेना बदलत नाही. अॅपपर्यंत न पोचलेली पावलांची, झोपेची नोंद मात्र पुसली जाते. फोन बदलल्यावर जुनी जोडणी अडकून बसली असेल तर रीसेटला अर्थ आहे, एरवी नाही.

बिघाड नक्की कुठे आहे हे कळायला रीसेट लागतच नाही. फोन हाताच्या अंतरावर ठेवूनही नोटिफिकेशन येत नसतील, तर बहुधा फोनची बॅटरी बचत घड्याळाचं अॅप मागच्या मागे बंद करतेय. सेटिंगमध्ये त्या अॅपला सूट द्या. जवळ ठीक चालतं आणि आतल्या खोलीत तुटतं, तर कारण भिंत. मध्ये काहीही आड नसताना दोन-तीन मीटरवरच तुटत असेल, दुसऱ्या फोनशी जोडूनही तेच होत असेल, तेव्हा खुशाल दुकानात जा.

याची सर्वांत जास्त काळजी करावी ती आईवडिलांसाठी घड्याळ घेणाऱ्यांनी. परगावी, परदेशी असलेली कितीतरी मुलं पडल्याची सूचना मिळावी म्हणून ते पाठवतात. सेल्युलर, म्हणजे स्वतःचं मोबाइल नेटवर्क, नसलेल्या अॅपल वॉचला मदतीचा फोन लावायला जवळ आयफोन लागतो, नाहीतर ओळखीचं वाय-फाय आणि आधीच सुरू केलेलं वाय-फाय कॉलिंग. अशा घरात ‘वाय-फाय बंद करा’ हा सल्ला धोक्याचा आहे. नुसत्या ब्लूटूथवर चालणाऱ्या घड्याळाला तर फोनशिवाय गत्यंतर नाही, आणि तो बऱ्याचदा स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो. फोन घराच्या मधोमध, उघड्या जागी, कमरेइतक्या उंचीवर ठेवायची सवय त्यांना लावा. मग बाथरूमचं दार आतून लावून घड्याळावर ‘फोन शोधा’ दाबून पाहा. फोन वाजला नाही, तर वाजेपर्यंत त्याची जागा बदलत राहा.