अवकाशातले एक्स-रे आणि मावशीने पुढे ढकललेला एक्स-रे

मुलुंडच्या मावशीने डॉक्टरांनी लिहून दिलेला छातीचा एक्स-रे पुढे ढकलला, कारण काय तर सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड. त्यात म्हणे, चिनी सॅटेलाइटने अवकाशातले गूढ एक्स-रे स्फोट पकडलेत, दुर्बिणीतून तिथे काहीच दिसत नाही म्हणजे शास्त्रज्ञ लपवतायत, हे किरण अंगात साठतात म्हणून महिनाभर एक्स-रे काढू नका आणि रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा. आणि खाली हात जोडलेले.

आधी ते साठण्याचं. अहो, हे किरण खाली पोचतच नाहीत! वातावरण ते खूप वरच शोषून घेतं, म्हणून तर सॅटेलाइट वर पाठवायला लागतो, नाहीतर गच्चीवर यंत्र लावून भागलं नसतं का? आणि हॉस्पिटलातला एक्स-रेसुद्धा अंगात साठून राहत नाही, मशीन बंद झालं की किरण संपले. विनाकारण परत परत काढू नये हे बरोबर, पण डॉक्टरांनी सांगितलाय तर तो काढायचा, त्याचा आकाशाशी काडीचा संबंध नाही. खोकला अंगावर काढून उद्या काही निघालं तर फॉरवर्डवाले येणारेत का बघायला?

आता "काहीच दिसत नाही". बरं, अर्धं खरं आहे. आइन्स्टाइन प्रोब नावाचा सॅटेलाइट आहे, जानेवारी २०२४ मध्ये सोडलेला, चीनचा पण युरोपही त्यात आहे, आणि त्याला दिसलेल्या बऱ्याच स्फोटांचा साध्या प्रकाशातला जोडीदार, म्हणजे त्याच जागी साध्या दुर्बिणीतून दिसणारा ठिपका, सापडत नाही हेही खरं. पण का? त्याचा मोठा कॅमेरा जागा सांगतो ती ढोबळ, तेवढ्या तुकड्यात ढीगभर तारे आणि गॅलेक्सी, त्यातून जुन्या फोटोशी ताडून नवा, विझत चाललेला ठिपका शोधायचा, तोवर कुठे दिवस उजाडतो, कुठे ढग येतात. १५ मार्च २०२४ चा स्फोट घ्या, नाव ईपी २४०३१५ए. आकाशभर नजर ठेवणाऱ्या ॲटलास दुर्बिणींनी साधारण तासाभरातच त्याचा ठिपका पकडला. रेडशिफ्ट (प्रकाश लालकडे किती सरकला त्याचं माप, जितका जास्त तितकं लांब) निघाला ४.८५९, म्हणजे प्रकाश सुमारे साडेबारा अब्ज वर्षं प्रवास करून आलेला. इतक्या लांबचा असला की निळा-हिरवा प्रकाश वाटेतला हायड्रोजन खातो, लाल फिल्टरमध्येच काय ते दिसतं. निळ्या फिल्टरने बघणाऱ्याला तिथे अंधारच दिसला असता, त्यात लपवालपवी कसली? असे शोध लागले की जगभरचे लोक जीसीएनवर, म्हणजे नासाच्या अशा स्फोटांच्या अलर्टच्या नेटवर्कवर टाकतात, कुणीही फुकट वाचावं. आपल्या पवईच्या आयआयटीची मंडळीही त्यात आहेत, बंगळुरूच्या आयआयए या खगोलशास्त्राच्या संस्थेबरोबर लडाखमधल्या हानलेला त्यांची ०.७ मीटरची दुर्बीण आहे.

चिनी सॅटेलाइट किरण "सोडतो" असंही कुणीतरी खाली जोडलंय. तो फक्त बघतो. पुढे.

मोबाइलचं साडेबारा ते साडेतीन तर वर्षानुवर्षं फिरतंय, आधी मंगळावरून कॉस्मिक किरण येत होते. स्फोट कधी होणार हे आधी कुणालाच कळत नाही आणि हे मेगाब्लॉकसारखं टाइमटेबल छापतात. उलट अलर्ट आला की लगेच दुर्बीण वळवायची असते, त्यामुळे हे काम करणाऱ्यांना रात्री फोन चालूच ठेवावा लागतो.