बाटलीत मीठ-पाणी भरून शेतातली शेड रात्रभर उजळत नाही हो

महिनाभरात हा मेसेज मला तीनदा आला, आधी भावकीच्या ग्रुपवर, मग गटशेतीच्या आणि शेवटी थेट मामांकडून. थोडक्यात असा: शेतातल्या शेडला कनेक्शन नको, पत्र्याला भोक पाडून पाण्याची बाटली बसवा, दोन चमचे मीठ टाका, 60 वॅटचा उजेड दिवसरात्र फुकट. नाहीतर मिठाच्या पाण्यावर चालणारा कंदील घ्या, सरकारनेच काढलाय. तेही नको तर 500 रुपयात 100 वॅटचा सोलर लाईट मिळतो, आणि उन्हाळ्यात तो म्हणे डबल चार्ज होतो.

आता बाटलीचं घ्या. आयडिया खोटी नाहीये, ब्राझीलमधल्या उबेराबाच्या आल्फ्रेदो मोझर नावाच्या मेकॅनिकने 2002 मध्ये ती काढली, तेव्हा तिकडे लाईट सारखी जायची. दोन लिटरची पारदर्शक बाटली, पाणी, दोन झाकणं ब्लीच, बाटलीचा वरचा भाग पत्र्याच्या बाहेर आणि खालचा शेडमध्ये. ऊन पाण्यातून वळून खाली सगळीकडे पसरतं, बस एवढंच. मेसेजमधले 60 वॅट म्हणजे जुन्या पिवळ्या 40-60 वॅटच्या बल्बएवढा उजेड, आणि तोही कडक उन्हात. सूर्य मावळला की बाटली म्हणजे नुसती बाटली, तिच्यात उजेड साठत नाही. फिलिपाईन्समध्ये ज्या संस्थेने घराघरात या बाटल्या बसवल्या त्यांनाच पुढे रात्रीसाठी छोटं सोलर पॅनल, बॅटरी आणि एलईडी जोडावा लागला, यातच काय ते आलं. आणि मिठाचा इथे काडीचा संबंध नाही, ब्लीच असतं ते पाण्याला शेवाळ धरू नये म्हणून.

मुळात आपल्याला शेडमध्ये लाईट कधी लागते? दिवसा दार उघडलं की भागतं. रात्रपाळीची शेतपंपाची थ्री फेज वीज आली की मोटर चालू करायला जायचं, कोपऱ्यातल्या गोणीमागे मण्यार बसलीय का ते बघायचं, तेव्हा लागते. त्या वेळेला बाटली काय करणार?

तरी मी हौसेने दोन बसवल्या होत्या, खोटं कशाला बोलू. दुपारी बाराला खताच्या गोणीवरची बारीक अक्षरं वाचता येत होती, खरंच भारी वाटलं. मग जूनचा पहिला पाऊस. पत्रा उन्हात फुगतो, रात्री आक्रसतो, मी बाटलीभोवती फट बुजवायला लावलेली पुट्टी कडक होऊन तडकली होती ते वरून दिसलंच नाही आणि पाणी बरोबर युरियाच्या गोणीवर, चार दिवसांनी गोणीत दगड. नंतर सिलिकॉन लावलं, ते लवचिक असतं, ते टिकलंय. पण शेड नवीन बांधणार असाल तर भोकं पाडूच नका, पत्र्याच्याच नागमोडीचा एक पारदर्शक फायबरचा पत्रा मध्ये टाका, दिवसाचा प्रश्न मिटला.

मिठाचा कंदील. हा पण खरा आहे, चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने बनवलेला 'रोशनी' दिवा 2022 मध्ये आला, मच्छीमारांना डोळ्यासमोर ठेवून. पण मेसेजमधलं "फक्त मिठावर वीज" हे चुकीचं. अशा दिव्यांत धातूची पट्टी असते, बऱ्याचदा मॅग्नेशियमची, आणि वीज निघते ती पट्टी झिजून. मीठ-पाणी म्हणजे समईतली वात समजा, तेल म्हणजे ती पट्टी. मीठ बदलत राहिलात तरी एक दिवस पट्टी संपते, मग नवीन आणा. होडीवर ठीक आहे, शेडसाठी रोज कोण करणार.

सोलर लाईटची गंमत तर फूटपट्टीने कळते. माझ्या शेजाऱ्याने आणलेला "100 वॅट", पॅनल मोजलं तर 15 बाय 10 सेंटीमीटर. भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट ऊन पडतं, चांगलं पॅनल त्यातलं 20 टक्के वीज करतं, म्हणजे या तळहाताएवढ्या पॅनलचे झाले 3 वॅट. दिवसभरात बॅटरीत धरा 10 वॅट-तास, म्हणजे 10 वॅटचा दिवा एक तास जळेल एवढी वीज. खरंच 100 वॅटने जळला तर सहा मिनिटांत खेळ खल्लास! तो रात्रभर मिणमिणतो कारण आतून एक-दीड वॅटच ओढतो, दारापुरता चालेल, पण डब्यावरचे वॅट वाचून घेऊ नका.

उन्हाळ्यात डबल वगैरे काही नाही, पॅनल उजेडावर चालतं, उष्णतेवर नाही. उलट 25 अंशांच्या वर तापलं की दर अंशाला 0.4 टक्क्याच्या आसपास वीज घटते, मे महिन्यात पॅनल सहज 60-65 अंशांवर जातं, म्हणजे 15 टक्के तिथेच गेले. वर धूळ, ती वेगळी.

माझ्याकडे सध्या फवारणी पंपाची बॅटरी आहे, 12 व्होल्ट 8 एएच (अँपिअर-तास), गुणले की 96 वॅट-तास. लेड ॲसिड आहे म्हणून अर्धीच वापरतो, पूर्ण उतरवली की लवकर मरते. 5 वॅटचा डीसी बल्ब (डीसी सांगूनच मागा, घरातला 230 व्होल्टचा यावर लागत नाही) नऊ तास कागदावर, मला दोन-तीनच लागतात. वर 10 वॅटचं पॅनल, मध्ये चार्ज कंट्रोलर (बॅटरी भरली की चार्जिंग थांबवणारा डबा), प्लसच्या वायरला फ्यूज. कंट्रोलर वगळून थेट जोडलेली बॅटरी ओव्हरचार्ज होऊन फुगलेली पाहिलीय. पावसाळ्यात आठवडाभर ढग असले की बॅटरी काढून घरी चार्जरला लावतो, त्यात लाज कसली.

मामांना हे सगळं फोनवर अर्धा तास सांगितलं. म्हणाले, बरं ते राहू दे, बाटलीत ब्लीच किती टाकायचं तेवढं सांग. दोन झाकणं, मामा.