ते एसीचं पाणी नाही, कूलंट आहे!

ते एसीचं पाणी नव्हतं. गाडीखाली जे टपकून राहिलं होतं ते कूलंट होतं, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, आणि हे ओळखायला एक बोट आणि एक नाक पुरते. एसीचं पाणी हाताला पाण्यासारखंच लागते. रंग नाही, वास नाही, सुकलं की मागे काही उरत नाही. कूलंट चिकट लागते, त्याला रंग असतो, गोडसर वास येतो आणि सुकलं की मागे पापुद्रा राहतो. खाली वाकून बोट लावायचं, वास घ्यायचा, एवढंच काम होतं. पण गाडी गॅरेजात लावल्या लावल्या, बॉनेट उघडायच्याही आधी उत्तर तयार: "काही नाही भाऊ, मे महिना आहे, एसी फुल चालते ना, त्याचंच पाणी आहे ते."

अरे, मे महिन्याचंच कारण देता? एसीचं पाणी हवेतल्या ओलाव्यातून येते. आपल्या नागपुरात मे महिन्यात हवा एवढी कोरडी असते म्हणून तर खिडकीतला कूलर घर गार करतो, आणि पावसाळा लागला की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. गाडीखाली एसीचं पाणी भरभरून गळायचे दिवस जुलै-ऑगस्टचे. रोज गाड्यांखाली झोपणाऱ्या माणसाला हे माहीत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. माहीत असते. पाहायचं नसते.

कूलंटच्या टाकीतली पातळी सतत खाली जात होती. इंजिन थंड असताना पाहिली तर मिनच्या रेषेखाली. मॅक्सपर्यंत भरली की काही दिवसांत पुन्हा खाली. हे बंद सर्किट आहे. कूलंट पेट्रोलसारखं जळत नाही, खर्च होत नाही. कमी होते म्हणजे ते कुठून तरी बाहेर जाऊन राहिलं आहे. कुठून, एवढाच माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर सोडून बाकी सगळं मला विकलं गेलं. आधी रेडिएटरचं झाकण बदललं, "स्प्रिंग ढिली झाली असेल" म्हणून. मग फ्लशिंग, म्हणजे जुनं कूलंट काढून आतून धुणं, "कचरा असेल" म्हणून. मग कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपावर संशय. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "असेल". माझ्या पैशानं चालू असलेला अंदाजांचा बाजार!

आणि शेवटी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधली पातळ पट्टी. छातीत धस्स करणारा शब्द, एकदा उच्चारला की गिऱ्हाईक गप्प बसते हे त्यांना पक्कं ठाऊक. मी विचारलं, ऑइलची काडी काढून पाहिली का? ऑइल दुधाळ झालं आहे का? इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे येतात का? सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो का? यातलं काहीच नव्हतं, आणि यातलं काहीच पाहिलंही नव्हतं. उत्तर काय, तर "खोलल्यावर कळते भाऊ." म्हणजे हेड उतरवायचं, फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवायचं, गाडी पंधरा दिवस स्टँडवर, आणि मग कळणार की गळती एका रबरी पाइपच्या टोकाला होती! बॉनेट उघडून टॉर्च मारायचा कंटाळा, पण इंजिन खोलायची तयारी. का, तर टॉर्च मारायचे पैसे लावता येत नाहीत.

गळती होती हीटर व्हॉल्व्हला. इंजिनच्या मागे, केबिन आणि इंजिनच्या मध्ये जी पत्र्याची भिंत असते, तिच्या अंगाला दोन होज पाइप जातात. एकातून इंजिनचं गरम कूलंट डॅशबोर्डामागच्या छोट्या रेडिएटरमध्ये जाते, दुसऱ्यातून परत येते. जाणाऱ्या पाइपच्या वाटेवर हा व्हॉल्व्ह बसवलेला. डॅशबोर्डावरचा नॉब लाल बाजूला फिरवला की केबल ओढली जाते, व्हॉल्व्ह उघडतो, हीटर सुरू होतो. निळ्या बाजूला नेला की बंद. मुठीत मावेल एवढी प्लॅस्टिकची वस्तू. तिच्या मानेला, जिथे पाइप चढवून क्लिप आवळतात तिथे, बारीक तडा गेला होता.

हा तडा थंड इंजिनला दिसत नाही, हे खरं आहे. इंजिन तापले की कूलंट नव्वद अंशांच्या वर जाते, सर्किटमध्ये साधारण एक बारचा दाब तयार होतो, तेव्हा तो तडा फाकतो आणि थेंब सुटतात. त्यातले काही गरम लोखंडावर पडून जागीच वाफ होतात, उरलेले गिअरबॉक्सवरून ओघळत गाडीच्या मधोमध कुठेतरी खाली पडतात. एसीच्या पाण्याची नळीही तिथेच जवळपास. म्हणून गल्लत होऊ शकते, मान्य. पण म्हणूनच तर तपासायचं असते ना! प्रेशर टेस्टर नावाचं साधं यंत्र आहे. हातपंप आणि त्याला दाब दाखवणारं एक घड्याळ. इंजिन थंड असताना झाकणाच्या जागी बसवायचं, झाकणावर जेवढा दाब लिहिला असतो तेवढा पंप मारायचा आणि काटा पाहत उभं राहायचं. काटा उतरला की गळती आहे, मग टॉर्च घेऊन ओलं कुठे आहे ते शोधायचं. चहा येईस्तोवर होणारं काम. ज्या गॅरेजच्या पाटीवर "कम्प्युटराइज्ड" लिहिलं आहे, तिथे हा हातपंप नव्हता. स्कॅनर होता. स्कॅनर लावून मला सांगितलं, "एरर तर काही दाखवून नाही राहिला." प्लॅस्टिकच्या मानेतला तडा स्कॅनरला कसा दिसेल? त्या मानेला काय सेन्सर लावला आहे?

पुढचा संताप वेगळाच आहे. दोष सापडला, सापडवणारा घाट रोडचा एक म्हातारा मिस्त्री, पंप लावला आणि बोट ठेवून दाखवलं. आता व्हॉल्व्ह पाहिजे. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे व्हॉल्व्ह सुटा मिळत नाही, हीटरची पूर्ण असेंब्ली घ्यावी लागते, त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागते, एस्टिमेट मेलवर पाठवतो. एस्टिमेट पाहून मी फोन ठेवला. मग घाट रोडच्याच एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर तोच व्हॉल्व्ह, त्याच मापाचा, सुटा मिळाला. हजाराच्या आतच. डॅशबोर्डाचा एक स्क्रूही काढावा लागला नाही, कारण तो व्हॉल्व्ह बॉनेटखाली आहे, केबिनमध्ये नाहीच. ज्यांनी ही गाडी विकली, त्यांच्याच सर्व्हिस काउंटरवरच्या माणसाला व्हॉल्व्ह गाडीत कुठे असतो हे माहीत नाही?

आणि या सगळ्यात ज्याला त्याला मिळालेला तो एक विनोद: "नागपुरात हीटर काहून पाहिजे भाऊ?" गॅरेजवाला हसला, दुकानातला पोट्टा हसला, शेजारचे काका हसले. मला हसू नाही आलं. २३ मे २०१३ ला याच शहरात पारा ४७.९ वर गेला होता, मला माहीत आहे उन्हाळा काय असते ते. पण हा व्हॉल्व्ह नागपुरात हीटर चालू करायला कमी आणि बंद ठेवायला जास्त लागते! उन्हाळ्यात तो नीट बंद असला तरच इंजिनचं उकळतं कूलंट डॅशबोर्डामागे येत नाही. तो अडकून उघडा राहिला, तर एसीच्या शेजारी नव्वद अंशांची शेगडी पेटवून ठेवल्यासारखं होते, आणि मग तुम्ही एसीची गॅस भरत बसता. किती लोकांनी या एका व्हॉल्व्हपायी विनाकारण गॅस भरली असेल, कोणी मोजलं आहे? आणि थंडी काय पडतच नाही का? २०१८ च्या डिसेंबरात ३.५ अंश झालं होतं इथं. पहाटे अमरावती रोडला धुक्यात काच धूसर होते, पावसात चिखलदऱ्याच्या घाटात आतून वाफ धरते, तेव्हा एसी आणि गरम हवा मिळूनच काच साफ होते. समोरचं दिसणं ही चैन आहे का?

पण सल्ला काय मिळाला? "लूप मारून टाका." म्हणजे व्हॉल्व्ह काढून फेकायचा, दोन्ही पाइप एकमेकांना जोडून द्यायचे, हीटर कायमचा बाद. एकानं तर पाइपला लाकडी बूच ठोकून क्लिप मारायची तयारी दाखवली. काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरचा रस्ता उघडणारी झडप) बंद असताना कूलंट फिरायचा रस्ता हीटरच्या पाइपांतूनच जातो. तिथे बूच मारलं तर काय होईल याचा विचार करायला त्याला एक सेकंदही लागला नाही, कारण त्यानं विचार केलाच नाही. गाडी माझी आहे. तिच्यात बसून माझी आई दवाखान्यात जाते. वर्धा रोडला भर दुपारी इंजिन तापून बंद पडलं तर रस्त्याच्या कडेला सावलीला झाड सापडत नाही. हे "चालून जाईल"वाले तेव्हा येणार आहेत का तिथे पाणी घेऊन?

पाण्याचं तर विचारूच नका. पातळी कमी दिसली की पोट्टा नळाला लावलेला पाइप उचलतो आणि थेट टाकीत सोडतो. बोअरवेलचं पाणी! ज्या पाण्यानं कूलरच्या जाळ्या पांढऱ्या दगडासारख्या होतात, तेच पाणी ॲल्युमिनियमच्या इंजिनात. क्षार बसतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात, आतून गंज धरतो. कूलंट नुसतं रंगीत पाणी नसते. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी, त्यात गंजरोधक रसायनं. त्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा जास्त असते, वरून दाब असल्यामुळे तो आणखी वर जातो. म्हणूनच आपल्या उन्हात, सिग्नलवर, एसी चालू ठेवून इंजिन उकळत नाही. तुम्ही वरून पाणी ओतत गेलात की तेच संरक्षण पातळ करत जाता. बॅटरीचं पाणी विकणाऱ्याकडे डिस्टिल्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन दोघांच्या तर्री-पोह्याच्या पैशात मिळते. तेवढंही करायचं नाही. उलट वरून सल्ला: हळद टाका, नाहीतर लीकस्टॉपची पुडी टाका, गळती आपोआप बुजते. बुजते ना! गळतीबरोबर हीटरच्या केसासारख्या नळ्याही बुजतात, रेडिएटरही बुजते. मग नवीन रेडिएटर विकायला हेच बसलेले.

आणि ज्या गोष्टीनं माझं डोकं खरंच फिरलं ती सांगतो. फ्लशिंगच्या वेळी त्या गॅरेजवाल्यानं इंजिनमधलं सगळं कूलंट सरळ रस्त्यावर सोडलं. बादली नाही, ट्रे नाही. हिरवंगार डबकं, आणि गॅरेजसमोर सावलीला बसलेली गल्लीतली कुत्री. मे महिन्याची दुपार, प्यायला कुठे थेंब नाही, आणि हे पाणी चवीला गोड. इथिलिन ग्लायकॉल जहर आहे. थोडं पोटात गेलं तरी कुत्र्या-मांजरांच्या किडन्या निकामी होतात, तडफडून मरतात. मी ओरडलो तेव्हा तो म्हणतो, "वाळते ना साहेब आता." मी स्वतः पाइप घेऊन ते धुतलं, वर माती टाकली, कुत्री हाकलली, आणि तो खुर्चीत बसून पाहत होता. पाच लिटरचा रिकामा डबा खाली ठेवायला काय मरण येते?

व्हॉल्व्ह बदलायचं काम म्हणाल तर त्यात काही नाही. इंजिन पूर्ण थंड, खाली ट्रे, क्लिपा ढिल्या करून पाइप काढले, केबल सोडली, नवीन व्हॉल्व्हवरचा बाण प्रवाहाच्या दिशेनं ठेवून बसवला. पाइपांची टोकं कडक झाली होती म्हणून पाइपही नवीन टाकले. क्लिपा बेतानं आवळल्या, कारण जुन्या व्हॉल्व्हची मान बहुतेक तशीच कोणीतरी जोर लावून आवळून फोडली होती, असं मिस्त्रीचं म्हणणं. मग नॉब पूर्ण लाल बाजूला ठेवून कूलंट भरलं, पंखा लागेपर्यंत इंजिन चालवलं, हवा काढली. ही हवा काढणंही किती लोक टाळतात! आत हवेचा फुगा राहिला तर तापमानाच्या सेन्सरला कूलंट लागतच नाही, डॅशबोर्डावरचा काटा नॉर्मल दाखवते आणि आत हेड वाकते. मिस्त्रीनं मजुरी किती घेतली? फ्लशिंगला दिले त्याच्या निम्मी. पुन्हा पंप लावून काटा दाखवला. जागचा हलला नाही.

पातळी तेव्हापासून मॅक्सवर आहे. पण माझा राग उतरलेला नाही. झाकणाचे आणि फ्लशिंगचे पैसे गेले ते गेलेच कसे? सोमवारी त्या गॅरेजात जाऊन राहिलो आहे, फुटका व्हॉल्व्ह पिशवीत घेऊन. काउंटरवर ठेवणार आणि सांगणार, पैसे परत द्या, नाहीतर याच बिलावर सहीशिक्क्यासह लिहून द्या की या मानेतला तडा फ्लशिंगनं कसा बंद होणार होता.