हॅलोविनच्या रात्रीच्या तुमच्या तक्रारीबद्दल

नमस्कार,

३१ ऑक्टोबरच्या आमच्या हॅलोविन पार्टीला तुम्ही एक स्टार दिलात. आईंच्या मॉकटेलवरचं 'हाड' अंड्याचं निघालं, वेटरने धुराचा ग्लास हातातून काढून घेतला, लिची डब्यातली होती आणि 'रक्त' खारट लागलं, असं तुम्ही लिहिलंय. त्या रात्री काउंटरमागे मीच होतो, म्हणून उत्तरही मीच देतोय.

आधी आईंचं. ती चूक पूर्णपणे आमची. अंड्यातला पांढरा भाग साखर घालून फेटायचा, कोनातून हाडाच्या आकारात ट्रेवर सोडायचा आणि मंद ओव्हनमध्ये दीड-दोन तास वाळवायचा, अशी ती हाडं होतात. किचनमध्ये हे सगळ्यांना माहीत, कार्डावर मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. पेय शाकाहारी म्हटल्यावर वरची सजावटही शाकाहारीच, असं कुणीही धरून चालेल. आयुष्यात अंड्याला हात न लावलेल्या माणसाला ते न सांगता खायला घातलं गेलं. पैसे परत केले म्हणून ते भरून निघत नाही, हे मला कळतं. आईंची मनापासून माफी मागतो. आता हीच हाडं आम्ही काबुली चणे उकडलेल्या पाण्याची करतो. ते पाणी आटवून गार केलं की अंड्यासारखंच फेसाळतं. जेलीचे किडे पहिल्यापासून चायना ग्रासचेच आहेत, पण तेही आता कार्डावर लिहिलंय.

धुराच्या ग्लासबाबत मात्र मी वेटरच्या बाजूने आहे. तो धूर ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा. उणे ७८ अंशांचा खडा पेयाच्या तळाशी बसतो, गडद रंगात दिसतही नाही. तो गिळला गेला तर तोंडापासून पोटापर्यंत इजा होते. बुडबुडे थांबेपर्यंत ग्लास ओठाला लावू द्यायचा नाही, असं मी सगळ्या पोरांना बजावलंय. तुम्ही फोटो काढून ग्लास उचललात तेव्हा तळ अजून खदखदत होता, म्हणून त्याने हात घातला. आधी दोन शब्द सांगायला हवे होते, ते राहिलं. घरी गेल्यावर विचार केला, खडा पेयात टाकायचाच कशाला? यापुढे ड्राय आइस बाहेरच्या वाडग्यात आणि ग्लास त्याच्या मधोमध. धूर तेवढाच येतो.

लिची येते मे-जूनमध्ये, ऑक्टोबरात डब्यातलीच मिळते. तिची बी काढलेली असते, त्या पोकळीत भिजवलेला काळा मनुका बसवला की डोळा तयार. तरी कार्डावर 'ताजी फळं' छापायला नको होतं, ते काढलं. रक्त कोकमाच्या आगळाचं होतं. आगळात मीठ असतंच, त्यात आम्ही ग्लासच्या काठालाही मीठ फासलं. रंगाची बाटली मी वापरणार नाही, कोकमच राहील, पण काठाला आता पिठीसाखर लावतो.

आईंची हरकत नसेल तर एक मेसेज करा. बाणेरला घरी येऊन मला त्यांची समोरासमोर माफी मागायची आहे.