सीआरएनएसाठी कॅलक्युलस लागत नाही, पण गणित सुटत नाही

परवा रात्री भाचीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "मावशी, मग मी अर्जच करत नाही." ती अमेरिकेत आयसीयूत नर्स आहे. भूल देणारी नर्स, म्हणजे सीआरएनए, व्हायचं तिने दोन वर्षांपासून मनात धरलंय. मी हेच काम करते. हा मेसेज आधीही दोन-तीन ग्रुपवर दिसला होता, तेव्हा सोडून दिला. तो सोडायला नको होता.

मेसेज म्हणतो: कॅलक्युलस, म्हणजे कॉलेजातलं वरचं गणित (कलन), पास नसाल तर कुठेच अर्ज करता येत नाही, गणिताचे जुने मार्क बाद, शाळेत गणित कच्चं होतं त्यांनी हा नाद सोडावा, आणि हे सगळं फक्त माणसं गाळण्यासाठी, कारण पुढे सगळा हिशेब शिरेतून औषध सोडणारा पंपच करतो.

कॅलक्युलसचं आधी. अमेरिकेत या अभ्यासक्रमांना मान्यता देते ती कौन्सिल ऑन ॲक्रेडिटेशन. तिच्या प्रवेशाच्या किमान अटींत पदवी आहे, आरएनचं, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स आहे, क्रिटिकल केअरमधला निदान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव आहे. कॅलक्युलस नाही. ही मानकं कुणालाही वाचता येतात. मेसेज लिहिणाऱ्याने ती उघडलेली नाहीत हे उघड आहे. हे अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळा आपापल्या अटी घालतात हे खरं, आणि अनेक शाळा स्टॅटिस्टिक्स मागतात. ते रास्तच आहे. 2022 पासून नवा प्रवेश घेणारा प्रत्येक जण डॉक्टरेटच करतो, त्याला शोधनिबंध वाचता यायलाच हवेत.

जुन्या मार्कांचं अर्धं खरं आहे, मान्य करते. काही शाळा विज्ञानाचे आणि स्टॅटिस्टिक्सचे कोर्स ठरावीक वर्षांच्या आतलेच धरतात. जिथे अर्ज करायचा तिथली अट वाचा, प्रश्न मिटला.

पण "हिशेब पंपच करतो" हे वाक्य धोकादायक आहे. पंपाला पिशवीत काय आहे ते कळत नाही, आपण जे सांगतो तेच तो खरं मानतो. ब्लडप्रेशर वाढवणारं नॉरएपिनेफ्रिन 250 मिलीत 4 मिग्रॅ घातलं तर एका मिलीत 16 मायक्रोग्रॅम. 70 किलोच्या पेशंटला दर किलोला मिनिटाला 0.1 मायक्रोग्रॅम द्यायचं, म्हणजे तासाला साधारण 26 मिली. आता कुणीतरी 8 मिग्रॅची पिशवी लावली आणि पंपावर 4 चाच आकडा राहिला. पंप 26 च दाखवणार, अलार्म वाजणार नाही, आणि पेशंटला दुप्पट डोस जाणार. हे पकडणारं माणूसच असतं, ज्याच्या डोक्यात 16 आणि 32 हे दोन्ही आकडे पक्के असतात.

ऑपरेशन थिएटरमध्ये तर कित्येक औषधं पंपातून जातच नाहीत, सिरिंजने हातानेच द्यायची असतात. फिनाइलएफ्रिनची छोटी व्हायल येते, एका मिलीत 10 मिग्रॅ. प्रेशर घसरलं की लागतात 50 ते 100 मायक्रोग्रॅम. म्हणून ती एक मिली 100 मिलीत मिसळायची, तेव्हा कुठे एका मिलीत 100 मायक्रोग्रॅम होतात. पातळ न करता तीच एक मिली दिली तर डोस शंभरपट. दोन शून्यांची चूक, आणि ती सुधारायला वेळ मिळत नाही. जागा बधिर करणारं लिडोकेन 2 टक्के म्हणजे एका मिलीत 20 मिग्रॅ, हेही असंच झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं.

यातलं एकही गणित कॅलक्युलसचं नाही. गुणोत्तर, टक्केवारी, एककं बदलणं. औषधाची रक्तातली पातळी घातांकी वक्राने उतरते, पीएच, म्हणजे रक्ताची आम्लता, लॉगने मोजतात, त्यामुळे तो वक्र समजावा लागतो. कॅलक्युलसमधलं इंटिग्रेशन करायला कुणी सांगत नाही. शाळेत गणित कच्चं होतं म्हणणाऱ्या माझ्या भाचीने वरचा 26 मिलीचा हिशेब आयसीयूत असंख्य वेळा केलाय.

मी तिला फोनवरच विचारलं: ऑक्सिजनचा ई आकाराचा छोटा सिलिंडर, भरलेला असताना 2000 पीएसआय दाबाला 660 लिटर. काटा 500 वर आहे, मिनिटाला 10 लिटर चालू आहे, किती वेळ पुरेल? "165 लिटर... सोळा मिनिटं." मग म्हटलं, हेच नायट्रस ऑक्साइडला, भुलीत वापरतात त्या वायूला, लाव. तिने तेच गुणोत्तर लावायला घेतलं आणि अडकली. नायट्रस सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, द्रव संपेपर्यंत काटा 745 च्या आसपासच राहतो, म्हणून काट्यावरून हिशेब होत नाही. सिलिंडरचं वजन करावं लागतं. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "हे कॅलक्युलसमध्ये शिकवत नाहीत ना?" नाही शिकवत.

कॅलक्युलसची फी तिने अजून भरली नव्हती. तिच्या यादीतल्या दोन शाळा स्टॅटिस्टिक्स मागतात, त्या कोर्सला तिने काल नाव घातलं.