दोन स्टार नसले तरी गाडी थांबवावीच लागते

'नाकाबंदीच बेकायदा, घाबरू नका' हा मेसेज पुन्हा ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: खांद्यावर दोन स्टार नसलेला पोलीस गाडी अडवू शकत नाही, लायसन्स 15 दिवसांत दाखवलं तरी चालतं, दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला नकार देता येतो आणि पोलिसाला चावी काढता येत नाही. चारपैकी शेवटचं तेवढं खरं.

स्टारचा मुद्दा लोकांना पटतो, कारण सोबत मोटार वाहन कायद्याचं कलम 132 दिलेलं असतं. कलम खोटं नाही. उपनिरीक्षक (म्हणजे दोन स्टारवाला) किंवा त्यावरच्या गणवेशधारी अधिकाऱ्याने सांगितलं की थांबायचं, असं त्यात आहेच. मेसेज लिहिणाऱ्याने पुढचा भाग तेवढा खाल्ला: ही तरतूद अपघातानंतरची आहे. माणसाला, जनावराला, दुसऱ्या गाडीला ठोकलंत किंवा कुणाचं नुकसान केलंत, तर. रोजच्या नाकाबंदीला लागू होतं कलम 119. वाहतूक नियंत्रणाच्या कामावर असलेला कोणताही पोलीस सांगेल ते ऐकायचं. आणि कलम 130. गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागितलं की लायसन्स काढायचं. शिपाई असला तरी. हुकूम धुडकावला तर कलम 179 खाली 2000 रुपयांपर्यंत दंड आहे, 2019 च्या दुरुस्तीपूर्वी तो 500 होता. हुद्द्याचा प्रश्न येतो तडजोडीचा, म्हणजे कोर्टात न जाता प्रकरण मिटवायचा दंड घेताना. तो कोणत्या अधिकाऱ्याने घ्यायचा, हे कलम 200 प्रमाणे राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं. दंड मान्य नसेल तर जागेवर पैसे न भरता कोर्टात जाता येतं. वाद घालायचाच असेल तर तो इथे घाला, बॅरिकेडपाशी नको.

15 दिवसांचंही तसंच. ही मुदत कलम 130 च्या तिसऱ्या पोटकलमात आहे, विम्यासारख्या गाडीच्या कागदांसाठी. लायसन्स पहिल्या पोटकलमात येतं आणि तिथे मुदतबिदत काही नाही. आता डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली प्रत चालते, त्यामुळे घरी विसरलो ही सबब तशीही राहिलेली नाही. पोलिसाने लायसन्स जप्त केलंच तर कलम 206 प्रमाणे तात्पुरती पावती घ्या. त्या पावतीवर गाडी चालवता येते.

चावीचं मात्र बरोबर आहे. चावी हिसकावण्याचा किंवा चाकातली हवा सोडण्याचा अधिकार कायद्याने कुणालाही दिलेला नाही. गाडी अडकवून ठेवायची तर त्याला कलम 207 आहे, लायसन्स, नोंदणी किंवा परमिट नसेल तेव्हाचं. पण चावी काढली म्हणून पोलिसाचा हात पिरगाळलात तर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. गाडीचा नंबर, वेळ, बिल्ल्यावरचं नाव टिपा आणि लेखी तक्रार करा.

राहिलं फुंकणं. कलम 203 प्रमाणे पोलिसाला दारूचा वाजवी संशय असला पाहिजे. तो असताना नकार दिलात तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. या प्रकरणात चालकाच्या खरोखर उपयोगाची तरतूद कलम 202 मध्ये आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही: दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल या कलमाखाली अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडून द्यावं लागतं.